आधी उजेड, मग झाडं, शेवटी मासे

फिश टँक घ्यायला निघालेलं कुटुंब दुकानातून बहुतेकदा एकाच क्रमाने खरेदी करून येतं. पोरांनी पसंत केलेले मासे, ते मावतील एवढी टाकी, निळा-गुलाबी लाइट, रंगीत खडे आणि प्लॅस्टिकची दोन झाडं. थोड्याच दिवसांत मासे दगावतात, काचा हिरव्या होतात आणि टाकी माळ्यावर जाते. खऱ्या पाणवनस्पतींची टाकी लावायची असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो. पहिल्यांदा उजेडाचा हिशेब, त्यावरून झाडं, आणि मासे महिना-दीड महिन्यानंतर.

सुरुवातीला दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी बरी. तीत छप्पन लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड धरून वजन पाऊणशे किलोच्या पुढे जातं, त्यामुळे डुगडुगणारं टीपॉय नको. गोल बाउलच्या वाटेला जाऊच नये. पाणी जितकं कमी, तितकं त्याचं तापमान आणि त्यातली घाण झपाट्याने वरखाली होते, आणि नवशिक्याला तेच सांभाळता येत नाही. टाकी खिडकीपासूनही दूर असावी. पश्चिमेचं ऊन एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापवतंच, शिवाय त्या उजेडाला बंद करायचं बटण नसतं.

आता मुख्य मुद्दा. पाण्याखालची झाडं म्हटलं की इंटरनेटवर जी गर्द हिरवी, जंगलासारखी चित्रं दिसतात, त्या शैलीचं बरंचसं श्रेय जपानच्या ताकाशी अमानो यांना जातं. 1954 साली निइगाता प्रांतात जन्मलेले अमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होते, नंतर निसर्ग-छायाचित्रकार झाले. 1982 मध्ये त्यांनी मत्स्यालयाच्या साहित्याची कंपनी काढली. 2015 साली, निधनाच्या काही महिने आधी, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात तब्बल चाळीस मीटर लांबीची टाकी सजवली. ही चित्रं पाहून माणूस भारीतला लाइट घेऊन येतो आणि तिथेच फसतो. कारण चित्रात लाइट दिसतो, पाण्यात सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही.

झाड अन्न तयार करतं ते उजेड आणि कार्बन यांच्या जोडीवर. हवेतल्या झाडाला कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो. पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट हळू पसरतो, आणि साध्या टाकीत तो लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम विरघळलेला असतो. अमानो पद्धतीच्या टाकीत सिलिंडर लावून तो वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. सिलिंडर नसताना उजेड वाढवला, तर झाडाला तो वापरता येत नाही. मग त्याचा फायदा शेवाळ घेतं, कारण शेवाळाची भूक फार थोड्यात भागते.

म्हणून सिलिंडर नसलेल्या टाकीला लिटरमागे पंधरा ते पंचवीस ल्युमेन उजेड पुरे. ‘लिटरमागे इतके वॅट’ हा हिशेब जुन्या ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडीला तो लागू पडत नाही. आपल्या छप्पन लिटरच्या टाकीला साधारण हजार ल्युमेन लागतील. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी दोन फुटी, दहा वॅटची एलईडी बॅटन जवळपास तेवढाच उजेड देते. खोक्यावर ‘कूल डेलाइट’ किंवा 6500 केल्विन लिहिलेलं असावं. या पांढऱ्या उजेडात झाडाला लागणारा निळा आणि लाल दोन्ही भाग असतात आणि पानांचा रंगही खरा दिसतो. ‘खास ॲक्वेरियमचा’ म्हणून तिप्पट पैसे मोजण्याची या टाकीला गरज नाही. मात्र साधी बॅटन पाण्याचे शिंतोडे सोसण्यासाठी बनवलेली नसते. म्हणून टाकीवर काचेचं झाकण हवंच, आणि वायरला प्लगच्या आधी खाली झोल ठेवायचा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता तिथेच ठिबकेल.

उजेड किती वेळ, हेही तितकंच महत्त्वाचं. पहिले काही आठवडे सहा तास, झाडं जोमाने फुटू लागली की आठ. त्याहून जास्त नको. हे काम टायमरवर सोपवावं. माणूस एक दिवस विसरतो आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून रात्री बारापर्यंत लाइट सुरू ठेवतो. झाडांना आपल्या घड्याळाशी देणंघेणं नसतं. दुपारी दोन ते रात्री दहा अशी वेळ लावली, तर कामावरून आल्यावर टाकी बघायलाही मिळते.

तळाच्या मातीबाबत आपल्याकडे एक गंमत आहे. काही दशकांपूर्वी जर्मनीतल्या हौशी मंडळींनी टाकीच्या तळात लॅटराइट घालायला सुरुवात केली, झाडांना लोह मिळावं म्हणून. लॅटराइट म्हणजे आपल्या कोकणातला जांभा. त्याची लाल माती कुंडीच्या मातीत थोडी मिसळून, चाळून, इंचभर पसरावी आणि वर दीड इंच धुतलेली वाळू घालावी. देशावरची काळी माती मात्र इथे कामाची नाही. तिचा चिखल दिवसेंदिवस बसत नाही आणि तिच्यातल्या चुनखडीने पाणी जड होतं. शंख-शिंपले, संगमरवरी तुकडे यांचंही तेच. दगड हवा तर सह्याद्रीचा काळा कातळ उत्तम. कुठल्याही दगडावर आधी व्हिनेगर टाकून पाहावं. फसफसला तर तो बागेत ठेवावा.

झाडं कमी उजेडात तगणारी निवडावीत: व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन, हायग्रोफिला, जावा मॉस. जावा फर्न आणि अनुबियास यांचा जाड आडवा कंद मातीत पुरला की कुजतो; ती दगडाला दोऱ्याने बांधायची. झाडं पहिल्याच दिवशी दाट लावावीत. नर्सरीत ती बऱ्याचदा हवेत वाढवलेली असतात, त्यामुळे पाण्यात गेल्यावर जुनी पानं विरघळतात. क्रिप्टोकोरिन तर पार बोडकं होतं. उपटू नका, मुळातून नवी पानं येतात.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून मगच ते टाकीत भरायचं आणि लहानसा स्पंज फिल्टर सुरू करायचा. पुढचे चार ते सहा आठवडे दिसायला काहीच घडत नाही, पण या काळात स्पंजमध्ये आणि वाळूत जिवाणू वस्ती करतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून सुटणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. पहिल्याच आठवड्यात मासे सोडले, तर ते या अमोनियाने मरतात, आणि दोष दुकानदाराला दिला जातो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याचं टेस्ट किटने दाखवलं, की सहा-आठ झेब्रा मासे किंवा थोडे गप्पी सोडावेत. ‘मिस केरला’ नावाने विकला जाणारा देखणा मासा घेऊ नये. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांचा हा रहिवासी अर्ध्या फुटापर्यंत वाढतो, आणि दुकानांसाठी झालेल्या पकडीने संकटात आला आहे. 2013 मध्ये त्याच्या प्रजातीला सह्याद्रीवरूनच ‘सह्याद्रिया’ नाव मिळालं.

एवढं करूनही काचेवर थोडं शेवाळ येईल. तेव्हा लाइट तासाभराने कमी करावा, दर आठवड्याला पाव पाणी बदलावं आणि माशांचं खाणं निम्म्यावर आणावं. दुकानदार ‘शेवाळ खाणारा’ म्हणून बोटाएवढा सकर मासा पुढे करेल. तो घेऊ नका. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा मासा फुटाहून मोठा होतो, मग लोक तो जवळच्या तलावात सोडतात, आणि देशात अनेक ठिकाणी त्याने बस्तान बसवलं आहे. टाकीतली छाटलेली झाडंही उन्हात वाळवून कुंडीत घाला; नाल्यात किंवा नदीत टाकू नका. आपल्या नद्या झाकून टाकणारी जलपर्णीसुद्धा दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणूनच जगभर गेली.