बुधवारची कोंबडी : एक कढई, निम्मी भाजी

आपल्याकडे मांसाहाराचेही वार ठरलेले असतात. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. श्रावणात तर महिनाभर सुट्टीच. राहता राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी हाताशी वेळ असतो. बुधवारी मात्र नवरा-बायको दोघेही सात वाजता थकून घरी येतात, मुले शिकवणीहून आठला परततात आणि मग कोंबडीचा घाट घातला जातो. वाटणाला नऊ, जेवायला दहा आणि साडेदहाला अंथरूण. गुरुवारी सकाळी माझ्या नांदेडच्या दवाखान्यातील बाकावर यांतील काही मंडळी हमखास भेटतात. "डॉक्टरसाहेब, छातीत आग पडलीय. रातच्याला चिकन लई तिखट झालं होतं."

तक्रार खरी असते, पण सगळा दोष मिरचीचा नसतो. मिरचीने पोटात अल्सर होतो ही समजूत तर आता मागे पडली आहे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या डॉक्टरांनी १९८२ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला. अल्सरच्या मुळाशी बहुतेक वेळा हा जंतू किंवा मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या असतात, हे पुढे सिद्ध झाले. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांना आधीच आम्लपित्त, मूळव्याध किंवा फिशरचा त्रास आहे, त्यांना मात्र तिखट झोंबते. त्यांनी हात आखडताच ठेवावा. बाकीच्यांनी धर्माबादच्या मिरचीला उगाच दूषणे देऊ नयेत.

मग आग कशाने पडते? रश्श्यावर बोटभर तरंगणाऱ्या तर्रीने आणि घड्याळाने. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळते. त्यावर लगेच आडवे झाले की आम्ल वर अन्ननलिकेत येते. जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तासांचे अंतर हवे. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. छातीतील जळजळीबरोबर दरदरून घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर सोडा पिऊन सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब दवाखाना गाठून ईसीजी काढून घ्या. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी तर हे ध्यानातच ठेवावे. "कालच्या चिकनचा त्रास असेल" म्हणून घरी थांबलेला माणूस कधी कधी फार उशिरा आमच्यापर्यंत पोहोचतो.

दुसरी गोष्ट ताटाची. कोंबडी शिजली की त्या दिवशी भाजीला कोणी विचारत नाही. ताटात रस्सा, भाकरी, भात आणि कांद्याच्या दोन फोडी. आपल्या शेजारच्या हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारित आहारसूचना प्रसिद्ध केल्या. ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळांचा असावा, असे त्यांत सांगितले आहे. कोंबडीच्या दिवशीच हे अधिक साधते, कारण मांसाबरोबर खाल्लेल्या भाजीतील आणि ज्वारीतील लोह शरीर जास्त चांगले शोषून घेते. त्यावर टोमॅटो किंवा लिंबाचे जीवनसत्त्व 'क' मिळाले तर आणखी उत्तम. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा हे लोह वाया घालवतो.

हे सांगण्याचे कारण गंभीर आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. दवाखान्यातही तेच दिसते. जिना चढताना धाप, पायात गोळे, फिकट नखे. मी विचारतो, "घरी मांसाहार होतो का?" "होतो की, आठवड्याला." "तुमच्या ताटात किती तुकडे येतात?" मग बाई हसतात. पाय मुलांना, छातीचे तुकडे मालकांना आणि स्वतःला मान, पाठ व उरलेला रस्सा. आठवड्याला कोंबडी शिजवणाऱ्या घरात शिजवणारीच रक्तक्षयाने आजारी, असा हा प्रकार आहे. औषध मी लिहून देतो, पण वाटणी घरानेच बदलायची असते.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे एकाच कढईत कोंबडी आणि भरपूर भाजी. हे काही परदेशी खूळ नव्हे. निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या मुलखात हरभऱ्याची डाळ, दुधी भोपळा व मटणाचा दालचा, किंवा अंबाडी घालून शिजवलेले मटण पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. शिवाय भांडी कमी पडतात. लातूर ही माझी सासरवाडी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या त्या शहरात, भांडी घासायला किती पाणी लागते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

चार माणसांसाठी कृती अशी. कातडी काढलेली अर्धा किलो कोंबडी आणि साधारण पाऊण किलो भाजी घ्यावी : दोन कांदे, दोन टोमॅटो, दोन गाजरे, मूठभर गवार किंवा एखादा दोडका, चार छोटी वांगी, मेथीची अर्धी जुडी. तेल मोठे दोन चमचे, म्हणजे सुमारे ३० मि.लि. मीठ लहान सपाट एक चमचा.

लोखंडी कढईत निम्म्या तेलावर कांदा व आले-लसूण परतावे. कोंबडी, हळद व मीठ घालून पाच मिनिटे परतावे. गाजर व गवार घालून अर्धी वाटी गरम पाणी ओतावे आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर वीस मिनिटे शिजू द्यावे. सर्वांत जाड तुकडा हाडाजवळ मोडून पाहावा. आत गुलाबी दिसता कामा नये, पाणी स्वच्छ निघाले पाहिजे. ही झाली आपली अळणी कोंबडी. लहान मुले, म्हातारी माणसे व आम्लपित्तवाले यांचा वाटा येथेच काढून ठेवावा. मग मधोमध जागा करून उरलेले तेल, दोन चमचे काळा मसाला किंवा येसर व सोसेल तेवढे तिखट मिनिटभर परतावे. त्यात टोमॅटो, वांगी व दोडका घालून दहा मिनिटे शिजवावे. शेवटी मेथी आणि थोडा चिंचेचा कोळ. पानचिंचोलीची चिंच मिळाली तर दुधात साखर. पाऊण तासात काम होते. आंबट पदार्थ लोखंडात शिजल्याने थोडे लोहही अन्नात उतरते, मात्र शिजल्यावर ते कढईत ठेवू नये, दुसऱ्या भांड्यात काढावे.

हिशेब पाहा. तेल माणशी ७ ग्रॅमच्या आसपास. बैठे काम करणाऱ्याला दिवसभरासाठी २० ते ३० ग्रॅम पुरे असते. प्रथिने माणशी सुमारे १५ ग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाची रोजची गरज ५० ग्रॅमच्या आसपास असते. भाजीने पोट भरते, म्हणून मधुमेहींची एखादी भाकरी आपोआप कमी होते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तिखट फारच लागले तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, दही किंवा दूध घ्यावे.

आता स्वच्छता. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला व कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर आढळला होता. म्हणून आधी भाजी चिरावी, मग कोंबडीला हात लावावा. नळाच्या धारेखाली कोंबडी धुतल्याने शिंतोडे ओट्याभर उडतात. धुवायचीच असेल तर पातेल्यात हलक्या हाताने धुवून ओटा, सुरी व हात साबणाने स्वच्छ करावेत. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणूनच खावे.

बर्ड फ्लूची भीतीही अधूनमधून उठते. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला कोंबड्या दगावल्या, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले. अशा वेळी मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला हात लावू नये, पशुवैद्यकीय खात्याला कळवावे. नीट शिजवलेल्या कोंबडीतून हा रोग होत नाही. ७० अंशांच्या वर सर्व भागांत शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही.

लातूर-नांदेडला शिकायला येऊन खोली करून राहणाऱ्या मुलांनाही ही कृती जमेल. एक शेगडी आणि एक कढई पुरते.

तेव्हा येत्या बुधवारी कोंबडी घरी आली की भाजी मालकांनी चिरावी, फोडणी मालकिणीने द्यावी, साडेआठच्या आत जेवण व्हावे. सगळ्यांनी एकत्र बसावे, आणि तुकडे वाढताना आधी सारखे मोजून घ्यावेत. घरातल्या बाईच्या ताटात तिचा पूर्ण वाटा पडला, तर माझ्याकडील लोहाच्या गोळ्यांचा निम्मा खप तरी कमी होईल, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटणार नाही.