ऊसतोडणी यंत्राच्या केबिनमधील थंडावा दुपारी का हरपतो?
(कॉम्प्रेसरच्या घसरणाऱ्या क्लचची पारख)

फाल्गुन लागून उन्हाचा ताव वाढला म्हणजे ऊसतोडणी यंत्रांच्या चालकांकडून एक तक्रार येऊ लागते. सकाळी केबिन चांगली थंड असते. दुपारी बारानंतर मात्र झरोक्यांतून कोमट वारा येतो. सायंकाळी यंत्र निवले की थंडावा परततो. अशा वेळी गॅस कमी झाला असावा, असे अनुमान करून तो भरून घेण्याकडे यंत्रमालकांचा कल असतो. परंतु गॅस कमी असल्यास थंडावा बहुधा सकाळीही अपुराच पडतो. केवळ यंत्र तापल्यावरच तो नाहीसा होत असेल, तर गॅस भरण्यापूर्वी कॉम्प्रेसरचा क्लच तपासून घेणे इष्ट होय.

पाचट व धूळ यांमुळे केबिन बंद ठेवावीच लागते. बंद काचांच्या त्या खोलीत थंडावा नसला तर चालकास भोवळ येण्याचा संभव असतो. म्हणून ही केवळ चैनीची बाब समजू नये.

क्लचची रचना साधी आहे. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली पुली पट्ट्याच्या योगाने इंजिनाबरोबर सतत मोकळी फिरत असते. तिच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या दांड्यास जोडलेली पोलादी चकती असते. या दोहोंत नखाच्या जाडीइतकी, म्हणजे साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, फट असते. पुलीमागील कॉइलमध्ये वीज गेली की चुंबकत्व उत्पन्न होऊन चकती पुलीला चिकटते व कॉम्प्रेसर फिरू लागतो. ही पकड ढिली पडली की पुली फिरते, पण चकती मागे राहते. यासच क्लच घसरणे म्हणतात.

दोष दुपारीच का प्रकट होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. कॉइल 30 अंशांवरून 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यास रोध सुमारे पावपट वाढतो व विजेचा प्रवाह सुमारे एक पंचमांश घटतो. चुंबकाची ओढ त्याहूनही अधिक घटते. नेमक्या त्याच वेळी बाहेरील उन्हामुळे गॅसचा दाब वाढून कॉम्प्रेसर फिरवण्यास जास्त जोर लागतो. झिजेमुळे फट आधीच रुंदावलेली असेल, तर पकड येथे सुटते. एकदा घसरण सुरू झाली की घर्षणाने चकती आणखी तापते व पकड आणखी कमी होते.

तपासणी यंत्र तापलेले असतानाच करावी. सकाळच्या गारव्यात पाहून 'सर्व ठीक आहे' असे सांगणारा मिस्त्री खोटे बोलत नसतो. त्या वेळी ते ठीकच असते! यंत्र सपाट जागी उभे करून ब्रेक लावावा. उपरणे, सैल बाह्या आवरून घ्याव्यात आणि पट्ट्यापासून दूर राहून विजेरीच्या उजेडात पाहावे. एसीचे बटण दाबताच 'टक्' असा आवाज होऊन चकती तत्काळ पुलीच्या वेगाने फिरली पाहिजे. ती रेंगाळत असेल, किंचाळण्याचा आवाज वा जळका वास येत असेल, तर क्लच घसरत आहे. पुलीच मंदावत असेल तर दोष पट्ट्याचा समजून त्याचा ताण पाहावा. इंजिन बंद केल्यावर चकतीवर निळसर झाक किंवा भोवती तांबूस भुकटी दिसली, तर तोही पुरावाच होय.

यानंतर कारण शोधावे. इंजिन बंद व क्लच थंड असताना फीलर गेजने फट तीन ठिकाणी मोजावी. यंत्राच्या पुस्तिकेतील मापापेक्षा ती जास्त असल्यास चकतीमागील एखादा पातळ वायसर काढून ती पुष्कळदा जुळवता येते. फट योग्य असूनही घसरण होत असेल, तर इंजिन व एसी चालू असताना कॉइलच्या जोडापाशी व्होल्टेज मोजावे. बॅटरीपेक्षा ते एक व्होल्टहून अधिक कमी भरल्यास गंजलेला जोड, रिले किंवा अर्थिंग यांत दोष असतो. शेतातील ओल व धूळ यांमुळे हा प्रकार वरचेवर घडतो, आणि त्यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

चकतीवर तेल आढळल्यास ते नुसते पुसून भागत नाही. दांड्याचे सील गळत असण्याचा संभव असतो. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे व त्याने आतील गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा.

कंडेन्सरच्या जाळीकडेही दुर्लक्ष होते. ती पाचटाने बुजली की उष्णता बाहेर पडत नाही व दाब चढतो. अशा स्थितीत जादा गॅस भरल्यास दाब आणखी वाढून क्लच अधिकच घसरतो. तोडणीच्या दिवसांत जाळी रोज, नेहमीच्या वाऱ्याच्या उलट दिशेने, बेताच्या दाबाची हवा मारून साफ करावी. पत्र्याच्या बारीक पात्या वाकू देऊ नयेत.

चकती वा कॉइल जळलीच असेल, तर संपूर्ण कॉम्प्रेसर बदलण्यास लगेच संमती देऊ नये. पुष्कळ यंत्रांत क्लचचा संच स्वतंत्र मिळतो व गॅसच्या नळ्या न उघडता बसवता येतो. मात्र नवा संच बसवण्यापूर्वी, इंजिन बंद असताना, कॉम्प्रेसरचा दांडा हाताने सुरळीत फिरतो की नाही हे पाहून घ्यावे. तो अडकत असल्यास नवा क्लचही जळेल.