कागदी पुत्र आणि खरे पूर्वज

वंशावळ म्हणजे नावांची उतरंड, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्या नावांच्या मागे कायदे, युद्धे आणि दुष्काळ उभे असतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांचे मूळ शोधू लागले की ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. कारण पुष्कळदा पहिली अडचण येते ती आडनावाचीच. सरकारी दप्तरी एक आडनाव, आणि आजोबांच्या थडग्यावर चिनी लिपीत कोरलेले दुसरेच! हा काय प्रकार आहे, हे समजण्यासाठी आपणांस थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेत आरंभी गेलेल्या चिनी लोकांपैकी बहुसंख्य क्वांगतुंग प्रांतातील तैशान व त्याच्या आसपासच्या तालुक्यांतले होते. जमीन डोंगराळ आणि खाणारी तोंडे फार. त्यातच १८३९ ते १८४२ चे अफूचे युद्ध झाले. (त्या व्यापारातील पुष्कळशी अफू माळव्यात पिकून मुंबई बंदरातून चीनला जात असे, हे आपण विसरता कामा नये.) पुढे १८५० पासून ताइपिंगांचे बंड, आणि १८५५ पासून खुद्द या भागात स्थानिक व हाक्का लोकांमधील रक्तपात. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले, तेव्हा तरुणांनी समुद्राकडे तोंड वळवले यात नवल ते काय? सॅन फ्रान्सिस्कोला चिनी लोक आजही ‘जुना सुवर्णपर्वत’ म्हणतात. १८६९ साली पुऱ्या झालेल्या खंडपार रेल्वेच्या पश्चिम भागावर हजारो चिनी मजूर राबले.

परंतु काम संपले आणि द्वेष उरला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली. फटी दोनच राहिल्या : व्यापारी, विद्यार्थी अशा मोजक्या वर्गांस मुभा होती, आणि अमेरिकेत जन्मलेला चिनी मनुष्य नागरिक ठरत होता. वाँग किम आर्क याच्या खटल्यात १८९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. अशा नागरिकाच्या चीनमध्ये जन्मलेल्या मुलालाही प्रवेशाचा हक्क असे. मग १९०६ चा भूकंप झाला, आग लागली, आणि सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी भस्मसात झाल्या. आता ‘माझा जन्म येथलाच’ असे म्हणणाऱ्यास खोटे पाडणे कठीण झाले. असा मनुष्य गावी जाऊन येई आणि ‘मला मुलगा झाला’ म्हणून नोंद करी. प्रत्यक्षात मुलगा झालेला असो वा नसो, ती जागा पुढे पुतण्याला मिळे किंवा परक्याला विकली जाई. हेच ते ‘कागदी पुत्र’.

सरकारही गाफील नव्हते. १९१० ते १९४० या काळात एंजल बेटावर आलेल्यांची कसून उलटतपासणी होई. घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, तांदळाचा रांजण कोठे, शेजारच्या ओळीत घरे किती? बाप आणि मुलगा यांची उत्तरे जुळली नाहीत तर परत पाठवणी. त्यामुळे खऱ्या मुलालाही उत्तरे पाठ करावी लागत. कित्येकांना तेथे आठवडे, महिने अडकून पडावे लागले.

हा कायदा १९४३ साली रद्द झाला. पण वर्षाला अवघ्या १०५ जणांनाच प्रवेश ठरला. १९५६ पासून सरकारने कबुलीजबाबाची योजना काढली. परंतु एकाने तोंड उघडले की त्याच्या कागदी बापाचे, भावांचे, सर्वांचे बिंग फुटे. म्हणून अनेक वृद्धांनी आपले खरे नाव नातवंडांनाही सांगितले नाही.

मग शोध घ्यावा कसा? पहिला आधार थडग्याचा : त्यावरील चिनी अक्षरांत बहुधा खरे आडनाव आणि गाव असते. दुसरा आधार सरकारी दप्तराचा : त्या तपासणीचे हजारो कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहेत. तिसरा आधार गावातील कुलग्रंथाचा. त्यात मूळ पुरुषापासून पिढ्यांचे क्रमांक असतात, आणि एका पिढीतील पुरुषांच्या नावात बहुधा एक समान अक्षर असते. त्यावरून पिढी ओळखता येते. मात्र विवाहसमयी पुरुषाला नवे नाव मिळत असे, हे ध्यानात ठेवावे लागते. सुनांची बहुधा माहेरची आडनावेच तेवढी आढळतात, मुली तर पुष्कळदा गाळलेल्या असतात. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत असे कितीतरी ग्रंथ जाळले गेले. काही लपवून ठेवल्यामुळे वा परदेशी नेल्यामुळे वाचले.

आपल्याकडील कुलवृत्तांत चाळणाऱ्यास यातून एक बोध घेण्यासारखा आहे. कागद खोटा निघाला म्हणून तो फेकून देऊ नये. तो खोटा का लिहावा लागला, हे विचारावे. त्या तपासणीत पितापुत्राचे नाते खोटे असेल, पण विहीर, पायऱ्या आणि घरांच्या ओळी पुष्कळदा खऱ्याच होत्या. काही कुटुंबांनी पुढे मूळ आडनाव पुन्हा धारण केले, काहींनी कागदी नावच ठेवले. आमच्या मते दोघांचेही बरोबर आहे. एक नाव पूर्वजांनी जन्माने दिले, दुसरे त्यांनी मोठी किंमत मोजून मिळवले. वंशावळीत दोहोंनाही जागा असली पाहिजे.