दोन जाळी एकच आहेत का?

10 नोव्हेंबर 2015 रोजी शिकागो विद्यापीठात गणितज्ञ लास्लो बाबाई यांचं व्याख्यान होतं आणि खोली खच्चून भरली होती. प्रश्न ऐकायला अगदी बाळबोध. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांची दोन जाळी समोर आहेत. ठिपके फक्त इकडचे तिकडे हलवून एकाचं दुसरं होतं का? दहा-दहा ठिपके असले तरी त्यांच्या जोड्या लावण्याच्या 36,28,800 रीती होतात. शंभर ठिपके घेतले आणि एकेक रीत तपासत बसलं, तर संगणकही हात टेकेल.

इथे कामी आला गट सिद्धांत, म्हणजे सममितीचा हिशेब ठेवणारं गणित. जाळ्यात लपलेली सममिती हाती लागली की प्रश्नाचे लहान तुकडे पडतात. जलद उत्तर शोधण्याच्या कामात 1983 पासून अडलेलं घोडं बाबाईंनी असं पुढे काढलं. जानेवारी 2017 मध्ये गणितज्ञ हॅरल्ड हेल्फगॉट यांना बाबाईंच्या सिद्धतेत चूक सापडली. बाबाईंनी ती जाहीर मान्य केली, काही दिवसांत सुधारलीही. (मला तर शोधाइतकंच हेही भावतं.) जाळी ताडून पाहणारे रोजच्या वापरातले प्रोग्रॅम मात्र अजून जुन्याच युक्त्यांवर चालतात.