कंपनीचें दप्तर आणि भागधारक कास्तकार

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या खरेदीसाठीं व प्रतवारीसाठीं अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. पुष्कळ कास्तकारांनीं त्यांचे भाग घेतले. परंतु भागाचा कागद पेटींत ठेवल्यावर कंपनीच्या हिशेबाकडे फिरून पाहणारे थोडेच. शेत घेण्यापूर्वीं सातबारा व फेरफार चार वेळां वाचणारा मनुष्य येथें मात्र नुसत्या भरंवशावर राहतो, हें बरें नव्हे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. सहकारी सोसायटीची नोंदणी राज्याच्या सहकार खात्याकडे असते. उत्पादक कंपनीचे सभासद शेतकरीच असले तरी ती कंपनी कायद्याखालीं येते. २००२ सालच्या दुरुस्तीनें ही सोय झाली. किमान १० उत्पादकांनीं मिळून अशी कंपनी काढतां येते. तिचीं पत्रकें केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे जातात, व २००६ पासून हें दप्तर ‘एमसीए-२१’ या नांवानें संगणकावर चालतें.

वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद व नफातोट्याचें पत्रक, आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण दाखल करावें, असा सर्वसाधारण नियम आहे. मुदत टळली कीं प्रत्येक पत्रकास दररोज १०० रुपये जादा शुल्क चढतें. हा दर २०१८ मध्यें लागू झाला. दोन पत्रकें वर्षभर राहिलीं तर ७३,००० रुपये होतात. हा भार अखेर सभासदांच्याच भांडवलावर पडतो. ओळीनें ३ वर्षें पत्रकें न गेल्यास संचालक ५ वर्षें अपात्र ठरतात. २०१७ सालीं तर देशांतील २ लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांचीं नांवें पटावरून काढून टाकण्यांत आलीं.

तपास करणें अवघड नाहीं. प्रत्येक कंपनीस २१ अक्षरांकांचा नोंदणी क्रमांक असतो; तो अथवा कंपनीचें नांव मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घालावें. भरणा झालेलें भांडवल, शेवटच्या सभेची तारीख व शेवटच्या ताळेबंदाची तारीख विनाशुल्क दिसते. एवढ्यानेंच पुष्कळ उलगडा होतो. ताळेबंदाची तारीख दोन-तीन वर्षें जुनी असेल तर सभेंत कारण विचारावें. पुढें १०० रुपये शुल्क भरून दाखल कागद पाहतां येतात. ब्रिटनमध्यें २०१५ पासून असे कागद कोणासही फुकट मिळतात; आपल्याकडेही तसें व्हावें.

कागदांत कर्ज किती, येणें किती, हातीं रोकड किती, आणि लेखापरीक्षकानें कोणता शेरा मारला, हें आधीं पाहावें. मात्र दाखल झालेला प्रत्येक आंकडा सरकारनें पडताळलेला असतो, असें समजूं नये. घरीं बसून लिहिलेला पीकपेराही सरकारी दप्तरांत जातच असे! म्हणून पत्रकांतील येणें व साठा गोदामाशीं आणि पावत्यांशीं ताडून पाहावा.

संचालक झालेल्या बांधवांस एक विनंती. आपली डिजिटल सही शहरांतील सल्लागाराच्या हवालीं करून निश्चिंत राहूं नये. कागद कोणीही भरला तरी जबाबदारी आपलीच असते. आणि उत्पादक कंपनींत भाग कितीही असले तरी सभासद शेतकऱ्यास मत एकच असतें. तें मत देण्यापूर्वीं मागील वर्षाचा ताळेबंद प्रत्येकानें एकदां वाचावा.