दिल्लीभोवतीच्या वीटभट्ट्या

दिल्ली म्हटले की लाल किल्ल्याचा तांबडा दगड आणि जामा मशिदीचे संगमरवरी घुमट डोळ्यांपुढे उभे राहतात. वस्तुतः हे नगर मुख्यतः विटांचे आहे. शाहजहानाबादच्या हवेल्या ‘लखौरी’ नावाच्या पातळ विटांनी बांधलेल्या होत्या. पुढे इंग्रजांनी नवी दिल्ली वसविली, तेव्हा छावणीतील सेंट मार्टिनच्या एका चर्चला सुमारे 35 लाख विटा लागल्या. या सर्व विटांचे मूळ नदीच्या गाळात आहे.

दख्खनच्या पठारावर घर बांधणाऱ्याला काळा पाषाण हाताशी असतो. दिल्लीत अरवलीच्या अखेरच्या टेकड्या आहेत; पण यमुना ओलांडून पूर्वेस गेले की दगड दिसेनासा होतो. गाझियाबाद, बागपत या बाजूला यमुना आणि हिंडन यांच्या मधल्या सपाट प्रदेशात शेतांमधून उंच धुराडी उभी दिसतात. ती वीटभट्ट्यांची.

पावसाळा ओसरला की येथे दूरदूरचे मजूर सहकुटुंब येऊन राहतात. विटा पाडणाऱ्यांना तिकडे ‘पथेरे’ म्हणतात. आदल्या दिवशी माती खणून भिजत घालायची, ती तुडवून मळायची आणि पहाटेच्या अंधारात साच्याला रेती लावून एकेक वीट पाडायची, हा त्यांचा क्रम. ओळीने मांडलेल्या विटा उलटून-पालटून उन्हात सुकवाव्या लागतात. अशा वेळी अवकाळी पाऊस आला, तर कित्येक दिवसांची मेहनत पुन्हा चिखल होते.

सुकलेल्या विटा भट्टीत जातात. येथील भट्टीची मूळ रचना बुल नावाच्या इंग्रज अभियंत्याची. तिचे पेटंट 1876 सालचे. लांबट वर्तुळाकार खंदकात विटा रचतात, वर राख व विटांचा चुरा पसरतात आणि माथ्यावरील भोकांतून कोळसा सोडतात. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या खोऱ्यातील भट्ट्यांत याच कामी भाताचे तूस जाळीत आले आहेत. या खंदकात विटा जागच्या हलत नाहीत. आगच पुढे सरकते. बाहेरची हवा भाजून झालेल्या विटांमधून येताना त्यांना थंड करते आणि स्वतः तापते. पुढे गेलेला ऊन धूर कच्च्या विटांना शेकून धुराड्यातून बाहेर पडतो. मागून पक्क्या विटा काढाव्यात, पुढे कच्च्या भराव्यात. आग विझू न देता हे चक्र हंगामभर चालते.

या धुराने दिल्लीची हवा बिघडते म्हणून जुन्या भट्ट्यांवर निर्बंध आले. फेब्रुवारी 2022 च्या केंद्रीय अधिसूचनेने धुरातील कणांची मर्यादा ठरविली आणि जुन्या भट्ट्यांना नव्या पद्धतीकडे वळण्यास मुदत दिली. या पद्धतींपैकी ‘झिगझॅग’ मांडणीत विटा अशा रचतात की वारा नागमोडी फिरतो, कोळसा अधिक पूर्ण जळतो आणि त्याची बचतही होते.

धुराला नियम लागला. मजुराचा हिशेब मात्र बराचसा जुनाच आहे. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार उचल घेऊन गाव सोडतो, तसाच हा मजूरही आगाऊ रक्कम घेऊन येतो. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि हंगामाच्या अखेरीस उचल वजा करून उरेल ते हाती पडते. कर्ज फिटले नाही, तर पुढील हंगामही त्याच मालकाकडे काढावा लागतो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला. तरीही उचलीपायी माणूस भट्टीवर अडकून पडल्याचे प्रकार त्यानंतरही उघडकीस येत राहिले. वीट पाडण्यात पत्नीचे आणि पुष्कळदा मुलांचेही हात लागतात. वहीत नाव बहुधा एकट्या पुरुषाचे असते. हंगाम ऐन शाळेच्या दिवसांत येत असल्याने मुलांचे वर्गही सुटतात.

भट्टीवरील त्यांची खोपटी पुष्कळदा विटा नुसत्या एकावर एक रचून केलेली असतात. त्यांत उभेही राहता येत नाही. पाऊस जवळ आला की आग विझते. पक्क्या विटा ट्रकमधून शहराकडे जातात आणि त्या पाडणारे कुटुंब हिशेब करून गावाची वाट धरते. त्या वेळी त्याच्या हाती काय उरते, ते वहीतल्या एका आकड्यावर अवलंबून असते. आणि तो आकडा पुष्कळांना वाचता येत नाही.