बीडच्या उन्हाळ्यासाठी लॅपटॉप

लॅपटॉप घेताना दुकानात आधी प्रोसेसर विचारला जातो, मग रॅम, मग किंमत. बीड जिल्ह्यात या सगळ्यांच्या आधी उष्णतेचा विचार व्हायला हवा. बहुतेक कंपन्या वापरासाठीचे योग्य तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच सांगतात. परळी, माजलगाव, गेवराई या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत तो आणखी चढतो. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी जास्त तापली की आतली चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. ९५ ते १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. जानेवारीत सुरळीत चालणारा खेळ मे महिन्यात अडखळू लागतो तो बहुधा यामुळेच, आणि घरात मात्र दोष नेटला दिला जातो.

म्हणून अतिशय सडपातळ लॅपटॉपच्या मोहात पडू नये. थोडी जाड बांधणी, मागे किंवा बाजूला मोकळे झरोके आणि शक्यतो दोन पंखे असतील तर तोच प्रोसेसर जास्त वेळ पूर्ण वेगाने चालतो. झरोके बहुधा तळाशीही असतात, त्यामुळे गादीवर किंवा गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा श्वास कोंडतो. धूळ हा दुसरा शत्रू. उन्हाळा लागण्यापूर्वी वर्षातून एकदा तळ उघडून पंखे साफ करून घेणे इथे गरजेचेच आहे. त्यामुळे तळ साध्या स्क्रूंनी उघडतो का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

हलके गेमिंग म्हणजे काय, हेही आधी ठरवायला हवे. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट किंवा जीटीए-५ सारख्या खेळांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतेच असे नाही. प्रोसेसरमध्येच असलेले चांगले ग्राफिक्स सेटिंग कमी ठेवून हे खेळ नीट चालवते. काउंटर-स्ट्राइक २ किंवा त्याहून जड खेळ रोजचे असतील तर मात्र आरटीएक्स ३०५० सारखे कार्ड घ्यावे. ४ जीबीऐवजी ६ जीबी मेमरीचे कार्ड मिळाल्यास ते जास्त वर्षे पुरते. बीजीएमआय हा मुळात मोबाइलचा खेळ आहे, त्याच्यासाठी लॅपटॉपवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त फसगत नावांत होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३५एचएस ही नावे भावंडांसारखी दिसतात. पहिल्याचा गाभा मात्र २०१९ च्या झेन-२ रचनेचा असून त्याचे ग्राफिक्स अगदी दुबळे आहे. दुसरा झेन-३+ रचनेचा आहे आणि खेळांत कितीतरी पुढे जातो. या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो: २ म्हणजे जुनी, ३ म्हणजे मधली, ४ म्हणजे नवी. शेवटचे अक्षर विजेचा अंदाज देते. यू कमी वीज घेणारा, एच किंवा एचएस जास्त घेणारा आणि जास्त ताकदीचा. इंटेलची सेलेरॉन किंवा एन-मालिका फक्त टायपिंग आणि व्हिडिओपुरती ठीक.

रॅम ८ जीबीवर आज काम भागते, पण खेळायचे असेल तर १६ जीबीच घ्यावी. प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा घेते. १६ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या असतील तर ग्राफिक्सला माहिती दुप्पट रुंद वाटेने मिळते आणि खेळाचा वेग स्पष्टपणे वाढतो. रॅम बोर्डाला डकवलेली असेल तर पुढे ती वाढवता येत नाही. आय-७ च्या स्टिकरवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा ते इथे घालणे शहाणपणाचे.

साठवण एनव्हीएमई एसएसडीचीच हवी, ५१२ जीबीपेक्षा कमी नको. एकटा जीटीए-५ शंभर जीबीच्या घरात जागा खातो. गावात फायबर नसेल आणि रोजचा दोन जीबी मोबाइल डेटाच हाताशी असेल, तर एवढा खेळ उतरवायला पन्नास दिवस लागतील. ही अडचण खरेदीआधीच लक्षात घ्यावी.

पडदा आयपीएस आणि किमान ३०० निट उजेडाचा असावा. २५० निटचा पडदा दिवसा ओसरीत फिका दिसतो. एमएस-सीआयटी करणारे किंवा परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी घरात असतील तर कळा बोटांखाली नीट दबतात का, ते दुकानात प्रत्यक्ष टाइप करून पाहावे.

विजेचा हिशेब वेगळाच आहे. साध्या लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा ६५ वॅटचा असतो आणि तो घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. गेमिंग लॅपटॉपचा १५० ते २०० वॅट किंवा जास्तही असू शकतो. शिवाय वीज गेली की असा लॅपटॉप बॅटरीवर आपली ताकद आपणहून कमी करतो, म्हणजे भारनियमनात खेळ तसाही नीट चालत नाही. अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्ट सोसतो, पण दाब त्याहून वर उसळला तर तो जळू शकतो. धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी प्लगचे अर्थिंग तपासावे.

वॉरंटी घरी येऊन दुरुस्ती करणारी, म्हणजे ऑनसाइट, असावी. मात्र ती सगळीकडे मिळेलच असे नाही. बीड शहराचा पिनकोड ४३११२२, अंबाजोगाईचा ४३१५१७, आष्टीचा ४१४२०३, आणि सेवा मिळते की नाही हे कंपन्या पिनकोडवरूनच ठरवतात. आपला पिनकोड सांगून कंपनीकडे आधीच विचारावे, नाहीतर बिघाड झाल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या फेऱ्या माराव्या लागतात.

जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप स्वस्तात मिळतो, पण विंडोज १० साठीचा मोफत सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ अधिकृतपणे चालवू शकत नाहीत. व्हॅलोरंटलाही विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू असावे लागते. नवा असो वा जुना, अनुक्रमांक लिहिलेले जीएसटी बिल घेऊन तो क्रमांक यंत्राच्या तळाशी छापलेल्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा.